उजव्या सीटचा अभ्यास

प्रस्तावना

लहान विमानात शिकणारा डावीकडे बसतो आणि शिकवणारा उजवीकडे. दोन-अडीचशे तास डाव्या सीटवरून उडवलेल्या वैमानिकाला इन्स्ट्रक्टर व्हायचं असेल, तर पहिल्याच दिवशी त्याची जागा बदलते. आजवर उजव्या हातात असलेले थ्रॉटल डाव्या हातात येतात. वेग दाखवणारा काटा समोर न राहता पलीकडे जातो आणि तिरका वाचावा लागतो. धावपट्टीची मधली रेघ नाकाच्या भलत्याच बाजूला दिसते, त्यामुळे सुरुवातीची लँडिंग्ज रेघ सोडून होतात. याची सवय लवकर होते. वेळ लागतो तो दुसऱ्या गोष्टीला. शेजारचा माणूस चुकणार आहे, ती चूक त्याला काही प्रमाणात करू द्यायची आहे आणि दोघांनी सुखरूप खाली यायचं आहे. विमानाला दोन इंजिनं असतील तर हे काम आणखी अवघड होतं, कारण इथे संकट उभं करणारा इन्स्ट्रक्टर स्वतःच असतो. नीट चाललेल्या दोन इंजिनांपैकी एकाची ताकद तो आपल्या हाताने काढून घेतो आणि शेजारचा आता काय करतो ते बघतो.

हे पुस्तक या कामाची तयारी करणाऱ्यांसाठी आहे. धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया इथे शिकणारी मुलंमुली व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास पूर्ण करतात, त्यातले बहुतेक एकइंजिनी विमानावर. दोनइंजिनी विमानाची गाठ पडते ती शेवटी शेवटी, आणि त्या थोड्या तासांतलाही बराच वेळ इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या तयारीत जातो. पुढे त्यांतले काही जण शिकवायचं ठरवतात. आपल्याकडे डीजीसीएच्या नियमांप्रमाणे आधी सहायक इन्स्ट्रक्टर आणि मग इन्स्ट्रक्टर अशा पायऱ्या आहेत. फ्लोरिडा, ॲरिझोना किंवा टेक्सासला गेलेली आपली मुलं तिथल्या एफएएच्या वाटेने जातात. बहुतेकांना इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र आधी एकइंजिनी विमानावर मिळतं, मग त्याला मल्टी-इंजिनची जोड दिली जाते. त्यासाठी दोनइंजिनी विमानात पायलट-इन-कमांड म्हणून किमान १५ तास लागतात. ज्या मॉडेलवर मल्टी-इंजिन रेटिंगचं शिक्षण द्यायचं, त्या मॉडेलवर किमान ५ तास हवेत.

पंधरा आणि पाच. परीक्षेला बसण्यापुरते हे आकडे ठीक आहेत. पण एवढ्या शिदोरीवर दुसऱ्याच्या पायाखाली रडर असताना इंजिन निकामी करण्याचा अधिकार हातात येतो, याची जाणीव प्रत्येक उमेदवाराला असली पाहिजे. मधली दरी तासांनी भरून यायला वर्षं लागतात. ती अभ्यासाने आधीच थोडीफार भरता येते, अशी माझी खात्री आहे, आणि त्या खात्रीपोटी हे पुस्तक लिहिलं.

सुरुवात करावी लागते ती एका समजुतीपासून. दोन इंजिनं म्हणजे एक वापरायला आणि एक राखीव, असं विमानाबाहेरचे लोक मानतातच, पण बरेच वैमानिकही मनातल्या मनात तसंच धरून चालतात. अमेरिकेतल्या अनेक शाळांत वापरलं जाणारं पायपर सेमिनोल घ्या. त्याला १८० अश्वशक्तीची दोन इंजिनं. पूर्ण वजन, समुद्रसपाटी, प्रमाण हवामान असेल तर दोन्ही इंजिनांवर ते मिनिटाला सुमारे १,३०० फूट चढतं. एक बंद झालं तर जेमतेम २०० फूट. ताकद निम्मी गेली, पण चढण्याची क्षमता ८० टक्क्यांहून जास्त गेली. हे असं का, हे इन्स्ट्रक्टरला फळ्यावर मांडता आलं पाहिजे. विमानाला नुसतं सरळ, एका पातळीत उडत राहायलाही बरीच ताकद लागते. चढायला मिळते ती त्यावर उरलेली शिल्लक. एक इंजिन गेलं की आधी ही शिल्लक जाते. वर बंद प्रॉपेलरचा अडसर आणि तिरकं उडण्याचा अडसर तिच्यातूनच वसूल होतो.

म्हणून दोनइंजिनी विमान शिकवणाऱ्याचा खरा विषय एका इंजिनावर उडणं हा असतो. दोन्ही इंजिनं चालू असताना हे विमान कोणालाही लवकर जमतं. थोडं जड, थोडं वेगवान, आणि बरेच लिव्हर. बस्स.

आता वेगांकडे येऊ. एअरस्पीड इंडिकेटरवर या विमानांत दोन जास्तीच्या रेघा असतात, एक लाल आणि एक निळी. सेमिनोलमध्ये लाल रेघ ५६ नॉटवर आणि निळी ८८ नॉटवर. लाल रेघेच्या खाली एका इंजिनावर दिशा सांभाळता येण्याची हमी नाही, कारण रडरवरून वाहणारी हवा पुरेशी नसते. निळ्या रेघेवर एका इंजिनाने मिळेल तेवढी जास्तीत जास्त चढण मिळते. विद्यार्थी हे पाठ करून येतो. इन्स्ट्रक्टरच्या उमेदवाराने त्या लाल रेघेच्या पोटात काय काय दडलं आहे ते उलगडायचं असतं. हा आकडा निर्मात्याने ठरावीक परिस्थितीत काढलेला असतो. चालू इंजिन पूर्ण ताकदीवर, बंद इंजिनाचा प्रॉपेलर वाऱ्याने गरगरत असलेला, वजनाचा मध्य जास्तीत जास्त मागे, चाकं वर, आणि विमान चालू इंजिनाकडे जास्तीत जास्त पाच अंश कललेलं. रडरवर लागणारा जोरही बांधून दिलेला होता, १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो. पायाने ६८ किलोचा रेटा द्यायचा आणि तो देत राहायचा म्हणजे काय, हे एकदा स्वतः अनुभवल्याशिवाय फळ्यावर लिहू नये, असं मी उमेदवारांना सांगत आलो आहे.

पाच अंशांचा तो कलही नुसता तपशील नाही. पंख सपाट करत नेले तर कमी झालेल्या प्रत्येक अंशामागे लाल रेघ सुमारे तीन नॉट वर सरकते. म्हणजे डायलवर ५६ लिहिलेलं असताना प्रत्यक्षात विमान सत्तरीच्या आसपासच हातातून जायला लागू शकतं. डायलवरची रेघ रंगवलेली असते, ती काही सरकत नाही. विद्यार्थी तिच्याकडे बघून निर्धास्त राहतो. इथे इन्स्ट्रक्टरने बोलायला हवं.

हा भाग मी पुस्तकात सर्वांत लांबवला आहे, कारण उमेदवार सर्वांत जास्त अडखळतात ते इथे. विमान ताब्यात राहणं आणि विमान चढणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पुष्कळदा एकाला मदत करणारी गोष्ट दुसऱ्याच्या मुळावर येते. चाकं खाली असली तर दिशा सांभाळायला थोडा हातभार लागू शकतो, पण चढण साफ मरते. वजन जास्त असेल तर कललेल्या अवस्थेत लाल रेघ खाली येते, पण जड विमान चढत नाही. उंचीवर इंजिनाची ताकद कमी होते, साहजिकच एका बाजूचा ओढाही कमी होतो आणि लाल रेघ खाली उतरते. विद्यार्थी म्हणतो, छान, वर गेलं की जास्त सुरक्षित. त्याला विचारायचं, स्टॉलचा वेग डायलवर उंचीबरोबर बदलतो का? नाही बदलत. मग एका उंचीवर हे दोन वेग एकमेकांना भिडणार, आणि त्याच्या वर दिशा सुटण्याआधी स्टॉल येणार, तोही एका बाजूची ताकद पूर्ण असताना. अशा वेळी विमान नुसतं खाली जात नाही, गिरक्या घेतं. दोनइंजिनी विमानांत स्पिनमधून बाहेर येण्याची हमी निर्मात्यांनी सहसा दिलेली नसते. हा प्रश्नोत्तरांचा धागा विद्यार्थ्याच्या तोंडून पूर्ण झाला, तर धडा झाला. इन्स्ट्रक्टरने तो स्वतःच बोलून टाकला, तर फक्त तास झाला.

एक इंजिन गेल्यावर विमान बंद इंजिनाकडे का वळतं, हे सांगायला आपल्याकडे बैलगाडीचा दाखला चांगला चालतो. जोडीतला एक बैल बसला की गाडी त्याच्याच बाजूला फिरते. मीही तो वापरतो. पण लगेच पुढचं वाक्य जोडतो, की गाडी फिरते तेव्हा एका अंगावर कलंडत नाही, विमान कलंडतं. वळण्यात बाहेरचा पंख जास्त वेगाने जातो, त्याला जास्त उचल मिळते, शिवाय चालू प्रॉपेलरची हवा त्याच पंखावरून वाहत असते. म्हणून वळणं सुरू झालं की कलंडणं मागोमाग येतं, आणि नवखा वैमानिक ते हातातल्या कंट्रोलने थोपवायला जातो, पायाने थोपवण्याऐवजी. हात आधी आणि पाय नंतर, ही सवय एकइंजिनी विमानातून सोबत आलेली असते. ती मोडून काढायला जमिनीवर उभ्या विमानात बसून पन्नास वेळा पाय दाबून घेतले तरी चालतील.

त्यावरून आठवलं, सीट. उंचीने कमी असलेल्या विद्यार्थ्याला रडर पूर्ण दाबता येतो का, हे इंजिन सुरू करण्याआधी बघायचं. अर्ध्या रडरवर सर्किट उडवता येतं, त्यामुळे बिघाड होईपर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाही. सीट एक खाच पुढे किंवा पाठीमागे एक उशी, एवढ्यावर काम भागतं.

इंजिन गेल्यावरचा क्रम सगळीकडे जवळपास सारखाच शिकवतात. दिशा धरा, वेग धरा. लिव्हर पुढे. चाकं वर, फ्लॅप वर. कोणतं इंजिन गेलं ते ओळखा, खात्री करा, मग फेदर करा, म्हणजे त्या प्रॉपेलरची पाती वाऱ्याला समांतर वळवा, की त्यांचा अडसर कमी होईल. ओळखण्यासाठी जुनं सूत्र आहे, डेड फुट, डेड इंजिन. ज्या पायाला जोर लागत नाही, त्या बाजूचं इंजिन गेलं. आणि खात्री करण्यासाठी त्या बाजूचा थ्रॉटल हळूच मागे घ्यायचा. काहीच बदललं नाही तर ओळख बरोबर. विमानाने हिसका दिला तर तुम्ही चांगल्या इंजिनाला हात घातला आहे.

खात्री करण्याच्या या दोन सेकंदांचा आळस किती महाग पडतो, हे मोठ्या विमानांनी दाखवून दिलं आहे. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंडचं बोइंग ७३७ पडलं, ४७ माणसं गेली. बिघाड डाव्या इंजिनात होता, बंद केलं गेलं उजवं. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशियाचं एटीआर उड्डाणानंतर काही मिनिटांत कीलुंग नदीत कोसळलं, ४३ जण दगावले. तिथे उजव्या इंजिनाचा प्रॉपेलर आपोआप फेदर झाला होता आणि वैमानिकाने डावं इंजिन बंद केलं. ही माणसं अडाणी नव्हती. ओळखणं आणि खात्री करणं यांच्यातलं अंतर घाईत पुसलं गेलं. म्हणून विद्यार्थ्याने क्रम किती भराभर म्हटला याचं कौतुक इन्स्ट्रक्टरने करू नये. घड्याळ लावून हा सराव घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती मला घातक वाटते.

नव्या विमानांत हा क्रम सोपा झाला आहे. गोंदियाच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत आणि रायबरेलीजवळच्या फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत दोनइंजिनी शिक्षणासाठी डायमंड डीए-४२ वापरलं जातं. त्यात प्रत्येक इंजिनाला एकच लिव्हर. मिश्रण आणि प्रॉपेलर संगणक सांभाळतो. त्या इंजिनाचा मास्टर स्विच बंद केला की प्रॉपेलर आपोआप फेदर होतो. जुन्या सेमिनोलमध्ये किंवा सेनेकामध्ये सहा लिव्हर आणि वेळेचं बंधन. सेमिनोलचं इंजिन मिनिटाला सुमारे ९५० फेऱ्यांच्या खाली गेलं की प्रॉपेलर फेदर होतच नाही, कारण जमिनीवर इंजिन बंद करताना तो फेदर होऊ नये म्हणून बसवलेल्या खिळी आडव्या येतात. एका विमानावर शिकलेला दुसऱ्यावर शिकवायला गेला, तर त्याने या फरकांची यादी स्वतः करावी. पुस्तकातली उतरवून घेऊ नये, माझ्या पुस्तकातलीसुद्धा.

आता ज्या घटनेमुळे हा विषय आपल्याला परका राहत नाही, तिच्याकडे वळतो. ८ मार्च १९९४, दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ. सहारा इंडियाचं बोइंग ७३७ प्रशिक्षणाच्या फेऱ्या मारत होतं. एक इन्स्ट्रक्टर, तीन शिकाऊ वैमानिक, प्रवासी नाहीत. आधीची सर्किट्स नीट पार पडली होती. नंतरच्या एका उड्डाणात, जमीन सोडल्यावर, इंजिन निकामी झाल्याचा सराव दिला गेला. शिकाऊ वैमानिकाने रडर उलट्या बाजूचा दाबला. विमान डावीकडे वळून आंतरराष्ट्रीय टर्मिनलसमोरच्या ॲप्रनवर आदळलं आणि तिथे उभ्या असलेल्या एरोफ्लोतच्या इल्युशिन-८६ विमानालाही आग लागली. विमानातले चौघं गेले, जमिनीवरचे पाच. चौकशीने दोन कारणं नोंदवली. चुकीचा रडर हे एक. आणि दुसरं, इन्स्ट्रक्टरने रडरवर पाय राखून तो अडवला नाही, स्पष्ट हुकूमही दिले नाहीत.

दुसरं कारण मी उमेदवारांना सावकाश वाचायला सांगतो. चूक विद्यार्थ्याची होती, आणि ती व्हायची शक्यता गृहीत धरणं हे दुसऱ्या माणसाचं काम होतं. असेच अपघात इतरत्रही झाले. ३० मार्च १९६७ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये डेल्टाचं डीसी-८ एका बाजूची दोन इंजिनं निकामी समजून उतरण्याचा सराव करत होतं. ते वस्तीवर आणि एका मोटेलवर कोसळलं, १९ जण मेले. त्यांतले १३ विमानात नव्हतेच. मोठ्या विमानांचा हा सराव आता सिम्युलेटरमध्ये होतो, त्याच्या मागे अशा अपघातांचा इतिहास आहे. लहान दोनइंजिनी विमानाचा सराव मात्र अजूनही मुख्यतः हवेतच होतो, खऱ्या विमानात, खऱ्या जमिनीच्या वर.

म्हणून या पुस्तकाचा गाभा एका प्रश्नात आहे: विद्यार्थ्याला कुठपर्यंत जाऊ द्यायचं? अनुभवी लोक याला अंदाज म्हणतात. माझं मत ठाम आहे, की सुरुवातीच्या वर्षांत हा अंदाजाचा प्रश्न असूच नये. उड्डाणाआधी इन्स्ट्रक्टरने आपली हद्द आकड्यांत ठरवावी आणि मनाशी पक्की करावी. किती नॉटच्या खाली, किती फुटांच्या खाली, दिशा किती अंश ढळल्यावर, कल किती झाल्यावर मी विमान हातात घेणार. हवेत असताना त्या आकड्यांशी घासाघीस करायची नाही. विद्यार्थी हुशार आहे, आत्ता सावरेल, अजून एक सेकंद देऊ, हा विचार चांगल्या इन्स्ट्रक्टरच्या मनात येतोच, कारण त्याला शिकवायची कळकळ असते. कळकळीलाही हद्द लागते.

निर्मात्यांनी यासाठी एक वेगळा वेग दिलेला आहे, ज्याची आठवण फार थोडे ठेवतात. इंजिन मुद्दाम निकामी करण्याचा किमान वेग. सेमिनोलमध्ये तो ८२ नॉट. हा आकडा विद्यार्थ्याच्या फारसा कामाचा नाही, तो आपल्यासाठी आहे. उंचीचंही तसंच. जमिनीपासून ३,००० फुटांच्या खाली इंजिन निकामी झाल्याचं सोंग थ्रॉटलने आणायचं, इंधन तोडून नाही, असा एफएएचा सल्ला आहे. थ्रॉटल पुढे केला की इंजिन परत मिळतं. तोडलेलं इंधन परत मिळेलच याचा भरवसा कोण देणार? खरोखर फेदर करायचं तर ते ३,००० फुटांच्या वर, जवळ उतरण्याजोगी धावपट्टी ठेवून.

आणि रडर उलटा पडला तर? घाबरलेल्या माणसाचा पाय लोखंडासारखा ताठतो. शेजारी बसून त्याच्या पायाशी पायाने झुंजण्यात सेकंद वाया जातात आणि बहुतेकदा हार होते. त्याऐवजी हात वापरायचा. चालू इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढला की एका बाजूचा ओढा संपतो आणि नाक खाली घातलं की वेग येतो. उंची असेल तर ती इथे खर्च करायची. म्हणूनच इन्स्ट्रक्टरचा डावा हात सरावाच्या काळात थ्रॉटलच्या पाठीशी हवा, मांडीवर नको. थ्रॉटल विद्यार्थ्याला दिसू नयेत म्हणून आपण नकाशा किंवा चेकलिस्ट आडवी धरतो, त्या कागदाच्या आडही हात तयार असला पाहिजे. तोंडाने शब्द ठरलेलेच, आय हॅव कंट्रोल. विद्यार्थ्याने उत्तर द्यायचं, यू हॅव कंट्रोल, आणि हातपाय काढायचे. या देवाणघेवाणीचा सराव शांत हवेत, काही बिघडलेलं नसताना, इतका झाला पाहिजे की बिघडल्यावर ती आपोआप व्हावी.

संकट मुद्दाम दाखवून शिकवायचं, ही कल्पना पहिल्या महायुद्धातली. तेव्हा शिकाऊ वैमानिक मोठ्या संख्येने मरत होते. १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला इन्स्ट्रक्टर घडवण्याची शाळा उभी केली. धोक्याच्या अवस्थांपासून विद्यार्थ्याला दूर ठेवण्यापेक्षा त्या त्याला शिकवणाऱ्याच्या सोबतीने दाखवाव्यात आणि त्यांतून बाहेर यायला शिकवावं, असा त्यांचा आग्रह होता. ॲव्रो ५०४ मध्ये दोघांना बोलता यावं म्हणून वापरली जाणारी नळी पुढे गॉस्पोर्ट ट्यूब म्हणून ओळखली गेली. त्या घराण्याचा वारसा आपल्याकडेही आला. हवाई दलाची फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल १९४८ मध्ये अंबाल्याला सुरू झाली, १९५४ पासून ती तांबरमला आहे. आपल्या क्लबांतल्या जुन्या इन्स्ट्रक्टरांच्या तोंडी असलेला 'पॅटर' हा शब्दही त्याच परंपरेतला. हात जे करतोय तेच तोंडाने त्याच क्षणी सांगायचं, म्हणजे पॅटर.

पॅटर ऐकायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात उमेदवाराचं तोंड हाताच्या मागे पडतं. दोनइंजिनी विमानात तर फारच. "आता मी डावा थ्रॉटल मागे घेतोय" हे वाक्य संपेपर्यंत विमान वीस अंश वळलेलं असतं. मग उमेदवार बोलणं सोडून विमान सावरतो, विद्यार्थ्याला नुसते हिसके जाणवतात आणि धडा वाहून जातो. उपाय एकच, वाक्यं छोटी करणं. ती घरी, खुर्चीवर बसून, हात हलवत, मोठ्याने म्हणून बसवावी लागतात. घरचे हसतील, हसू द्यावं. परीक्षेत परीक्षक विद्यार्थ्याचं सोंग घेतो आणि मुद्दाम चुका करतो. कधी पाय उशिरा लावतो, कधी भलत्या लिव्हरला हात घालतो. चूक ओळखायची, हद्दीत थांबवायची, आणि ती का झाली हे दोन वाक्यांत सांगायचं. तिसरी गोष्ट सर्वांत कमी लोकांना जमते. "रडर कमी पडला" हे सांगणं म्हणजे चूक पुन्हा वाचून दाखवणं. "तुझी नजर आत काट्यावर होती, म्हणून नाक वळलेलं तुला उशिरा कळलं," हे शिकवणं.

उन्हाबद्दल पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. परदेशी पुस्तकांत हा विषय एखाद्या परिच्छेदात उरकलेला असतो, आपल्याला तो तसा उरकता येत नाही. गोंदियाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला की विमानाला ती हवा साडेचार हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. सेमिनोलची एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग सुमारे ३,८०० फूट. म्हणजे तशा दुपारी पूर्ण भरलेलं सेमिनोल उडालं आणि एक इंजिन गेलं, तर ते धावपट्टीच्या पातळीवरही जवळपास चढणार नाही. त्या दिवशी दुसरं इंजिन काय देतं? उतरण्याची जागा निवडायला थोडा वेळ, बस. हा हिशेब उड्डाणाआधी विद्यार्थ्याकडून कागदावर करून घ्यावा आणि त्यावरून त्याने ठरवावं, की कमी इंधनावर जायचं, पहाटे जायचं, की जायचंच नाही. उड्डाणाआधीची ब्रीफिंग पोपटपंची होते ती आकडे रोज तेच असतात म्हणून. आपल्या हवेत ते रोज तेच नसतात.

हा पेशा किती दिवस करायचा, याबद्दलही बोलायला हवं. अमेरिकेत २०१३ पासून प्रवासी विमानकंपनीत जायला साधारण १,५०० तास लागतात, आणि ते जमवायचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे इन्स्ट्रक्टर होणं. दोनइंजिनी विमानावरचे तास तर अधिकच मोलाचे. आपल्याकडेही चांगले इन्स्ट्रक्टर विमानकंपन्यांकडे जातात आणि शाळा नव्या माणसांच्या शोधात राहतात. यात गैर काही नाही. पगार, घर, पुढची वाट हे प्रत्येकाला बघावं लागतं. पण उजव्या सीटवर बसलेला माणूस जर आपले तास मोजत असेल, तर डावीकडच्याला ते कळतं. त्याला उड्डाणं मिळतात, लक्ष मिळत नाही. दोन वर्षं शिकवायचं असेल तर दोन वर्षं पूर्ण शिकवावं. विमानकंपनीत गेल्यावर जे उपयोगी पडतं ते याच दोन वर्षांत कमावलेलं असतं, कारण दुसऱ्याची चूक होण्याआधी दिसणं हे कॅप्टनच्याही कामाचं आहे.

पुस्तक मराठीत का, असं काही सहकाऱ्यांनी विचारलं. रेडिओवरची भाषा इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, विमानाची पुस्तिका इंग्रजी. ते तसंच राहणार आणि विद्यार्थ्याने त्यात पक्कं व्हायलाच हवं. तरी कल्पना समजण्याची जागा वेगळी असते. लाल रेघ वजन वाढल्यावर खाली का येते, हे इंग्रजीत पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलीला मी मराठीत "का?" असं विचारलं, की ती थांबते, विचार करते, आणि मग तिला जे सापडतं ते तिचं स्वतःचं असतं. त्यानंतर इंग्रजी उत्तर आपसूक नीट येतं. थ्रॉटल, रडर, फेदर हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण हँगरमध्ये तेच बोलले जातात.

पुस्तकातले आकडे मुख्यतः सेमिनोलचे आहेत, कारण त्याचे आकडे जमिनीवर समजावायला सोपे आहेत. तुमच्या विमानाचे आकडे त्याच्या स्वतःच्या पुस्तिकेतून घ्या, आणि ती पुस्तिका त्याच नोंदणी क्रमांकाच्या विमानाची असल्याची खात्री करा. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी एक कोरा तक्ता आहे. त्यात इन्स्ट्रक्टरची हद्द लिहायची आहे: वेग, उंची, दिशा, कल. तो पेन्सिलने भरा, कारण विमान बदललं, विद्यार्थी बदलला किंवा पारा चढला, की तो पुन्हा भरावा लागेल.